लग्नाआधीचा करारनामा, किंमत १,४९९ रुपये: वापरून पाहिला

पाचपैकी दोन तारे. दुसरा तारा एका पानासाठी दिलाय, ते पान कुठलं ते पुढे येईलच.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे असली वस्तू मी का घेतली ते कळेल. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. वय ४६. पहिले यजमान जाऊन सात वर्षं झाली, लेक बारावीला. गेल्या वर्षी दुसरं लग्न ठरलं. हे घटस्फोटित, मुलगा इंजिनिअरिंगला, आई सोबत राहते, आणि फ्लॅटवर अजून नऊ वर्षांचे हप्ते. या वयात लग्न म्हणजे दोन माणसं आणि चार फायली एकत्र येतात. हे मला कुणी शिकवायला नको, माझं टेबलच तसल्या फायलींचं आहे.

लग्न नोंदणी पद्धतीने, विशेष विवाह कायद्याखाली करायचं होतं. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस फलकावर लागते, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. त्या तीस दिवसांत रिकामा वेळ भरपूर, नातेवाइकांचे फोन त्याहून भरपूर. आणि मोबाइलवर ही जाहिरात पाठ सोडेना: लग्नाआधी दोघांचे हक्क आणि जबाबदाऱ्या ‘लॉक’ करा. मी ऑर्डर टाकली. यांना विचारलं, तर म्हणाले, ‘घे, तुझ्या मनाला शांती मिळेल.’ शांती काही मिळाली नाही, पण त्यात यांचा दोष नाही.

कुरियरने पेटी आली. पेटीच म्हणायची, इतका जाड पुठ्ठा. आत सोनेरी रिबिनीची फाइल, २२ पानांचा करार मराठीत, सोबत भरायचे तक्ते आणि तज्ज्ञाशी ३० मिनिटं फोनवर बोलण्याचं कूपन. मुद्रांक वेगळा, म्हणजे ५०० रुपये आणखी. नोटरी वेगळी. छपाई स्वच्छ, कागद चांगला, शाई फुटत नाही. दिसण्याला मी पूर्ण गुण देते. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे यांच्या आईंनी, फाइल हातात घेऊन विचारलं, ‘ह्या कसला गो? पत्रिका?’ मी हो म्हटलं.

वाचायला बसले आणि दुसऱ्याच पानावर अडखळले. ‘काउंटीचे नाव भरा.’ आता आमच्याकडे वाडी आहे, गाव आहे, तालुका आहे. काउंटी मी कुठून आणू? तिथेच कळलं की हा कागद सात समुद्रापलीकडून आलाय आणि कुणीतरी त्याला मराठी कपडे चढवलेत.

चौथं कलम तर सगळ्यांत ठसठशीत: विवाहानंतर दोघांपैकी कोणीही मिळवलेली मालमत्ता ‘सामुदायिक’ असून त्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क राहील, आणि तसं नको असेल तर म्हणे हा करार करा. म्हणजे जो रोग आपल्याला झालेलाच नाही त्यावरचं औषध. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याचा फ्लॅट आपोआप अर्धा बायकोचा होत नाही, आणि बायकोचा पगार अर्धा नवऱ्याचा होत नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. हिंदू स्त्रीच्या नावावर जे आहे त्याची ती पूर्ण मालक, हे १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ पासून पक्कं आहे. लोकांना हे पटत नाही. माझ्या टेबलासमोर बसून दर महिन्याला कुणीतरी म्हणतं, ‘घर मिस्टरांच्या नावावर आहे, म्हणजे माझंच की.’ हप्ते दोघांनी मिळून फेडलेले असतात, खरेदीखतावर नाव एकाचंच असतं. तुमच्या पगारातून किती गेले ते मग पासबुकं घेऊन सिद्ध करत बसायचं.

हा निम्म्या-निम्म्याचा प्रकार अगदीच परका आहे असंही नाही. आमच्यापासून तासाभरावर आहे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते, आणि तिथे लग्नाआधी वेगळं काही लिहून ठेवलं नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात. माझी मावसबहीण तिकडची. तिच्या नवऱ्याला त्याच्या वडिलांकडून आलेली जमीन विकायची होती, तर हिची सही घेतल्याशिवाय व्यवहार पुढे सरकेना. तिकडे लग्नाआधीचा करारही कायद्याने मान्य आहे. म्हणजे हे किट भारतात कुठे कामाचं असेलच तर तिथे. पण पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जाऊन सही केली की झालं, असं नाही. तो कायदा गोंयकारांना लागू. आम्ही बांद्याच्या अलीकडचे ते अलीकडचेच.

मग कूपन वापरलं. तज्ज्ञ म्हणून जे बोलले त्यांचा आवाज गोड होता, एवढं खरं. मी विचारलं, ‘कोर्टात टिकेल का हे?’ उत्तर आलं, ‘मॅडम, दोघांच्या सह्या झाल्या आणि नोटरी झाली की कायदेशीरच.’ अहो, मी वीस वर्षं नोटरी केलेले कागद हाताळतेय. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सही तुमचीच आहे आणि समोर केलीत. आत लिहिलेलं खरं आहे की चालण्याजोगं आहे, हे तो शिक्का सांगत नाही. पुन्हा विचारलं तर त्यांनी पहिलंच वाक्य परत वाचून दाखवलं. अकराव्या मिनिटाला मीच फोन ठेवला. उरलेली १९ मिनिटं कंपनीकडे जमा आहेत.

आता या किटपेक्षा शंभरपट बरी निघालेली गोष्ट सांगते, फुकट होती. प्रत्येक तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत सल्ला आणि गरज पडली तर वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पगारदार आहे म्हणून परत पाठवत नाहीत. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. मी अर्ज दिला, चार दिवसांनी बोलावलं. आम्ही दोघं गेलो. वकीलबाई माझ्याहून लहान, टेबलावर पाण्याची बाटली आणि टोक झिजलेली पेन्सिल. रिबीन बघून हसल्या. मग २२ पानं खरोखर वाचली. मध्ये दोनदा वीज गेली तरी वाचली.

कलम ९ वर पहिली रेघ. ‘दोन्ही पक्ष भविष्यात एकमेकांकडून पोटगी मागणार नाहीत.’ त्या म्हणाल्या, असं आधीच लिहून घेतलेलं न्यायालयं मानत नाहीत. करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार मुळातच रद्दबातल. उद्या यांनी मला सांभाळलं नाही, तर मी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे आधीचं प्रसिद्ध १२५, पोटगीसाठी अर्ज करू शकते, हा कागद यांच्या हातात असला तरीही. त्यावर यांनी हळूच विचारलं, ‘आणि नवऱ्याला मागता येते का पोटगी?’ वकीलबाईंनी पेन्सिल ठेवली. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न असेल तर कलम २४ आणि २५ प्रमाणे नवराही मागू शकतो. पण तुम्ही विशेष विवाह कायद्याने करताय, त्यात ती सोय फक्त बायकोला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, ‘नोटीस मागे घ्यायची का?’ एवढं एकच वाक्य त्या दिवशी हलकं होतं.

कलम ११: मतभेद झाल्यास पत्नी पंधरा दिवसांत राहतं घर रिकामं करील. हे वाचून मला घाम फुटला, कारण सही करण्याच्या मी अगदी जवळ होते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चा. त्यातलं कलम १७ सांगतं की घरावर बाईचं नाव असो वा नसो, ज्या घरात ती संसार करते तिथे राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायद्याची रीत पाळल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. राहायचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, ही गल्लत मात्र करू नका; वकीलबाईंनी दोनदा बजावलं.

कलम १४ ‘सहवासाची कर्तव्ये’. काय लिहिलंय ते इथे सांगत नाही, घरातली मुलंही हे वाचतील. एवढंच सांगते की एकत्र राहायला या असा हुकूम मागायची तरतूद कायद्यात आजही आहे, पण तो मिळाला तरी कुणाला हाताला धरून आणून बसवता येत नाही. फार तर मालमत्तेवर टाच. वकीलबाईंनी रखमाबाईंची आठवण काढली. मुंबईतला १८८४ चा खटला, अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला नाही म्हणाली. १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. पुढे तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. मग वकीलबाईंनी किटमधल्या कलम १४ वर अशी काही फुली मारली की पेन्सिलीचं टोकच मोडलं.

कर्जाचं कलम बरोबर होतं, पण फुकाचं. ‘ज्याचे कर्ज त्याने फेडावे.’ ते तसंच असतं. लग्नाने कर्ज अंगावर येत नाही, सहीने येतं. हे वाक्य मी आमच्या पतसंस्थेच्या दारावर रंगवून घेणार होते, चेअरमननी नको म्हटलं. आमच्याकडे काय होतं ते सांगते. नवरा कर्जदार, जामीनदाराच्या रकान्यात एक नाव कमी पडतं. तो बाहेर जाऊन बायकोला घेऊन येतो. ती स्कूटरवरून उतरते, पदर सावरत विचारते, ‘खंय करू सही?’ आणि करते. काय लिहिलंय हे विचारत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, तिच्या पगारातून वसुली लागू शकते. मी आता प्रत्येकीला खुर्चीवर बसवून आकडा मोठ्याने वाचून दाखवते. दोघी उठून गेल्या आतापर्यंत. एकीचा नवरा माझ्याशी अजून बोलत नाही.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी मी किट घेतलं होतं.

पहिल्या यजमानांनी स्वतःच्या कमाईवर पाच गुंठे घेऊन घर बांधलं. मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांच्या आई त्याआधीच गेलेल्या, म्हणून घर माझ्या आणि लेकीच्या नावावर निम्मं-निम्मं लागलं. माझं दुसरं लग्न ठरल्यावर दिरांनी गावभर केलं की आता हिचं नाव उतरणार. मला खरंच भीती होती. वकीलबाईंनी सांगितलं, ही समजूत १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यातली. त्यात पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. १९५६ नंतर वारसाने आलेला हिस्सा माझा पूर्ण मालकीचा, लग्न केलं म्हणून तो निघत नाही. जुना कायदा १९८३ मध्ये पुस्तकातूनही गेला. दिरांपर्यंत अजून पोचला नाही इतकंच.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तर त्या म्हणाल्या, ‘पण तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर?’ वारसा कायद्याचं कलम १५. बाईची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना, सारख्या हिश्शाने. नवरा म्हणजे तेव्हा असलेला नवरा. माझ्या अर्ध्यातला अर्धा लेकीला, अर्धा यांना. म्हणजे माझ्या पहिल्या यजमानांनी चिरा चिरा मोजून उभ्या केलेल्या घराचा चौथा हिस्सा, ज्यांना ते कधी भेटलेही नाहीत त्या माणसाच्या नावावर. मी गप्प झाले. हेही गप्प. मग म्हणाले, ‘मला नको ते घर. कुठे लिहून देऊ?’ आणि किटमधलं कलम १७ पुढे केलं, त्यात नेमकं तेच होतं: दोघे एकमेकांच्या वारसाहक्कावर पाणी सोडत आहेत.

वकीलबाई म्हणाल्या, जे अजून मिळालंच नाही त्यावर पाणी कसं सोडणार? पुढेमागे वारस होण्याची नुसती आशा, ती मालमत्ता नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ६. यांना म्हणाल्या, ‘तुम्ही काही लिहून देऊ नका. बाईंनी मृत्युपत्र करावं.’ त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मिळणार त्याला साक्षीला घेऊ नये. दीड हजाराच्या २२ पानांनी जे होणार नव्हतं ते दीड पानात झालं. यांनीही केलं. न केलं असतं तर यांचा फ्लॅट मी, त्यांचा मुलगा आणि त्यांची आई यांच्यात तीन भागांत वाटला गेला असता, आणि हप्ते चालूच.

बाकीचं पटापट. भविष्य निर्वाह निधीचं लग्नाआधी कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द होतं, नवीन भरावं लागतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने वारसांसाठी पैसे हातात घ्यायचे, हे १९८३ पासून सर्वोच्च न्यायालय सांगतंय. आमच्या काउंटरवर मात्र यावरून भावंडांत मारामारी झालेली मी पाहिली आहे. मुलांचा ताबा कुणाकडे हे करारात लिहून ठरत नाही, न्यायालय मुलाचं हित बघतं. आणि यांनी मुदत विमा घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली माझं नाव घातलं. त्या पैशाला कर्ज वसूल करणाऱ्यांना हात लावता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागाहून नाही.

आता तो दुसरा तारा. पान १९, ‘भेटवस्तू व दागिन्यांची यादी’. वस्तू, वजन, कुणी दिली, कुणाला दिली, दोघांच्या सह्या. वकीलबाईंनी सगळ्या फायलीत या एकाच पानावर रेघ मारली नाही. म्हणाल्या, अशी यादी ठेवा असं हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे १९८५ चे नियमच सांगतात, कुणी ठेवत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन बाईचं एकटीचं; नवऱ्याने किंवा सासरच्यांनी ते सांभाळायला घेऊन परत दिलं नाही तर फौजदारी विश्वासघात. आम्ही भरलं ते पान. पाटल्या, आईची मोहनमाळ, पहिल्या लग्नातलं मंगळसूत्र, जे लेकीसाठी ठेवलंय. तो रकाना यांनी स्वतःच्या अक्षरात भरला आणि ‘कुणाला’ खाली लेकीचं नाव लिहिलं.

पैसे परत मागितले. ‘उघडलेले उत्पादन परत घेतले जात नाही’ असं उत्तर आलं. मान्य. तोट्यातली खरेदी आहे, आणि कलम ११ सारखा मजकूर बायकांच्या हातात सहीसाठी देणाऱ्यांना खरं तर एकच तारा द्यायला हवा होता. फाइल मजबूत आहे. तिच्यात आता दोन मृत्युपत्रांच्या प्रती, विम्याची पॉलिसी, पान १९ आणि गॅसचं पुस्तक असं सगळं बसलंय. रिबीन सासूबाईंनी गणपतीच्या मखराला वापरली.

परवा कंपनीचा मेसेज आला: तुमच्या कराराला वर्ष झालं, नूतनीकरणावर २० टक्के सूट.